लुई कान : वसतिगृहालाच विद्यालय मानणारा वास्तुकार

डिसेंबर २०२० मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने एक निविदापूर्व सूचना प्रसिद्ध केली. आवारातील अठरा जुन्या वसतिगृहांपैकी चौदा पाडून त्यांच्या जागी नवी उभारायची होती आणि त्यासाठी इच्छुक वास्तुकारांकडून प्रस्ताव मागवले होते. एरवी अशा सूचनेची दखल संबंधित व्यावसायिकांखेरीज कोणी घेत नाही. या वेळी मात्र काही दिवसांतच देशोदेशींचे वास्तुकार, इतिहासकार आणि संस्थेचे माजी विद्यार्थी यांच्या निषेधाच्या पत्रांचा ओघ सुरू झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने सूचना मागे घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा भूमिका बदलली. जतनाचे काम पुढे न नेता काही इमारती नव्याने बांधाव्या लागतील, असे तिने जाहीर केले.

विद्यार्थ्यांनी राहण्याच्या, गळक्या आणि भेगाळलेल्या इमारतींसाठी एवढा गहजब कशासाठी, हा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या इमारती रचणाऱ्या माणसाच्या आयुष्यात सापडते. त्या माणसाचे नाव लुई कान. त्यांना जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली, आणि मृत्यूपूर्वीचा त्यांचा शेवटचा प्रवास अहमदाबादहूनच सुरू झाला होता.

बाल्टिक समुद्रातील बेटापासून फिलाडेल्फियापर्यंत

लुई कान यांचा जन्म फेब्रुवारी १९०१ मधला. आज एस्टोनियात असलेला आणि त्या काळी रशियन साम्राज्यात मोडणारा बाल्टिक किनाऱ्याचा प्रदेश ही त्यांची जन्मभूमी. तेथील एका बेटावर, मध्ययुगीन किल्ल्याच्या परिसरात त्यांचे बालपण सुरू झाले. कुटुंब ज्यू आणि गरीब होते. तीन वर्षांचे असताना शेगडीतील निखाऱ्यांच्या रंगाची भूल पडून या मुलाने ते उचलून आपल्या कपड्यात घेतले. कपड्याने पेट घेतला, चेहरा आणि हात भाजले आणि त्या व्रणांनी आयुष्यभर त्यांची सोबत केली. वडील आधी अमेरिकेत गेले. १९०६ मध्ये आई मुलांना घेऊन फिलाडेल्फियाला पोहोचली. कुटुंबाचे मूळ आडनाव मागे पडले आणि पुढे कान हे नाव स्वीकारले गेले.

फिलाडेल्फियातील दिवस हलाखीचे होते. चित्रकलेत मुलाचा हात चांगला होता आणि त्याला शहरातील स्पर्धांतून बक्षिसेही मिळत असत. मूकपटांच्या चित्रपटगृहात पियानो वाजवून तो चार पैसे मिळवी. शाळेच्या शेवटच्या वर्षी वास्तुकलेच्या इतिहासाची व्याख्याने ऐकली आणि चित्रकार होण्याचा विचार सोडून त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुकलेसाठी नाव घातले. तेथे पॉल क्रे या फ्रेंच वंशाच्या गुरूंच्या हाताखाली जुन्या पठडीचे शिक्षण घेऊन १९२४ मध्ये ते पदवीधर झाले. आधी आराखड्याची शिस्त, नंतर दर्शनी भागाची सजावट, अशी ही पठडी होती. त्या वेळी युरोपात नवी वास्तुकला जोम धरत होती आणि काच, पोलाद व पांढऱ्या सपाट भिंती यांचा बोलबाला सुरू झाला होता. कान या दोन्ही प्रवाहांच्या मध्ये उभे होते. ती अवघडलेली जागाच पुढे त्यांचे बळ ठरली.

१९२९ च्या आर्थिक मंदीने त्यांच्या पिढीतील बहुतेक वास्तुकारांचे काम हिरावले. कान यांनी बेकार वास्तुकारांचा एक अभ्यासगट जमवला, कामगारांसाठी स्वस्त घरांचे आराखडे केले आणि सरकारी गृहनिर्माण योजनांत नोकरी केली. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यांच्या नावावर जगाने लक्षात ठेवावी अशी एकही इमारत नव्हती. येल विद्यापीठात ते शिकवत असत आणि शिक्षक म्हणून त्यांची ख्याती वास्तुकार म्हणून असलेल्या ख्यातीपेक्षा मोठी होती.

वळण आले ते १९५०-५१ च्या हिवाळ्यात. रोममधील अमेरिकन अकादमीत काही महिने राहण्याची संधी त्यांना मिळाली आणि तेथून त्यांनी ग्रीस आणि इजिप्तचा प्रवास केला. रोमन स्नानगृहांचे विटांचे उघडे अवशेष, देवळांचे खांब, पिरॅमिडांची घनता यांची त्यांनी रंगीत खडूंनी असंख्य चित्रे काढली. संगमरवराचे आवरण गळून पडल्यावरही रोमन वीटकाम उभे राहते आणि आपण कसे उभे आहोत हे सांगतही राहते, हा धडा त्यांनी तेथून घेतला. आधुनिक इमारतीतून हरवलेले वजन, सावली आणि स्थैर्य परत आणायचे, मात्र जुन्या शैलीची नक्कल करायची नाही, हे पुढील चोवीस वर्षांचे त्यांचे ध्येय राहिले.

येल विद्यापीठाचे कलादालन, फिलाडेल्फियातील रिचर्ड्स वैद्यकीय प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सॉल्क संशोधन संस्था या इमारतींनी त्यांना जगन्मान्य केले. त्यांच्या विचारातील एक साधे सूत्र येथे सांगितले पाहिजे, कारण अहमदाबादची वसतिगृहे त्यावरच उभी आहेत. इमारतीत काही जागा माणसांनी वापरण्याच्या असतात, तर काही जागा त्यांची सेवा करतात. उदाहरणार्थ जिने, स्वच्छतागृहे, नळ आणि हवेचे मार्ग. या सेवक जागा कोपऱ्यात दडवू नयेत, त्यांना स्वतःचा आकार आणि मान द्यावा, असे ते मानत. रिचर्ड्स प्रयोगशाळेत त्यांनी जिने आणि हवेचे मार्ग स्वतंत्र विटांच्या मनोऱ्यांत ठेवले.

वसतिगृहाचा पहिला प्रश्न

विद्यार्थिनींच्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे १९६० मध्ये आले. पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर हे मुलींचे नामांकित महाविद्यालय त्यासाठी इमारत शोधत होते. कान यांच्या कार्यालयात ॲन टिंग ही प्रतिभावान वास्तुकार होती. तिने अष्टकोनी खोल्यांची जाळी सुचवली, तर कान यांचा ओढा चौकोनाकडे होता. बराच काळ दोघांचे आराखडे शेजारी शेजारी चालले. शेवटी बांधले गेले ते कोपऱ्याला कोपरा लावून उभे असलेले तीन चौकोन. प्रत्येकाच्या मध्यभागी वरून प्रकाश घेणारे उंच दालन आणि भोवताली विद्यार्थिनींच्या खोल्या. १९६५ मध्ये पूर्ण झालेले हे एर्डमन हॉल आजही वसतिगृह म्हणूनच वापरले जाते.

ॲन टिंग यांचा उल्लेख दुसऱ्या कारणासाठीही आवश्यक आहे. कान यांच्या पन्नाशीतील भौमितिक रचनांमध्ये तिचा वाटा मोठा होता आणि त्याचे श्रेय तिला उशिरा व अपुरे मिळाले. कान यांचे खासगी आयुष्य गुंतागुंतीचे होते. पत्नी एस्थरपासून एक मुलगी, ॲन टिंग यांच्यापासून एक मुलगी आणि हॅरियट पॅटिसन यांच्यापासून एक मुलगा, अशी त्यांची तीन कुटुंबे एकाच शहराच्या परिसरात परस्परांपासून अंतर राखून राहत होती. मुलगा नॅथनिएल याने २००३ मध्ये वडिलांचा शोध घेणारा माहितीपट केला. त्यातून या थोर माणसाची दुसरी बाजूही लोकांपुढे आली.

अहमदाबादचे बोलावणे

आता भारताकडे वळू. १९६१ च्या अखेरीस कलकत्ता आणि अहमदाबाद येथे देशातील पहिल्या दोन व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेमागे केंद्र सरकार, नुकतेच अस्तित्वात आलेले गुजरात राज्य आणि शहरातील गिरणीमालक असे तिघे एकत्र आले होते. शैक्षणिक साहाय्य हार्वर्डच्या व्यवसाय प्रशालेचे होते. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई हे या उद्योगाचे आधारस्तंभ. याच शहराने त्याआधीच्या दशकात ल कोर्बुझिए यांच्याकडून गिरणीमालक संघाची इमारत आणि संग्रहालय बांधून घेतले होते, त्यामुळे नव्या वास्तुकलेची भीती येथे नव्हती.

इमारतींचे काम प्रथम बाळकृष्ण दोशी यांच्याकडे आले. दोशी पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या सर ज. जी. संस्थेत शिकलेले आणि पॅरिसमध्ये ल कोर्बुझिए यांच्या हाताखाली तयार झालेले. मोठे काम स्वतःकडे ठेवण्याऐवजी त्यांनी कान यांचे नाव सुचवले आणि स्वतः स्थानिक सहकाऱ्याची भूमिका पत्करली. आपल्या व्यवसायाच्या इतिहासात असे औदार्य विरळा. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेमार्फत कान यांना सल्लागार नेमण्यात आले आणि १९६२ मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी पाकिस्तान सरकारने ढाक्यातील विधानभवन संकुलाचे कामही त्यांना दिले. पुढची बारा वर्षे कान अमेरिका आणि उपखंड यांच्या दरम्यान सतत ये-जा करत राहिले.

शहराबाहेर वस्त्रापूर येथे सुमारे ६५ एकरांचे माळरान उपलब्ध होते. सिमेंट आणि पोलाद दुर्मीळ होते, परकीय चलनाची चणचण होती. मुबलक होत्या त्या विटा आणि गवंडी. कान यांनी वीट हीच या संस्थेची भाषा ठरवली. व्याख्यानांत ते विटेशी संवाद साधण्याची कल्पना मांडत, आणि विटेचा स्वाभाविक कल कमानीकडे असतो असे विद्यार्थ्यांना समजावत. अहमदाबादेत त्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. कमान वरचे ओझे दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणून जुन्या काळी तिला जाड भिंतींचा टेकू लागे. कान यांनी कमानीच्या दोन टोकांना काँक्रीटच्या आडव्या पट्टीने बांधून टाकले. ढकलणारा जोर पट्टीतच अडकल्यामुळे कमान उथळ आणि झरोका रुंद ठेवता आला. जेथे विटेचे काम संपते तेथेच काँक्रीट येते, आणि दोन्ही डोळ्यांना दिसत राहतात. गिलावा कोठेही नाही.

वसतिगृहांच्या मांडणीत त्यांचा खरा विचार उतरला आहे. शिक्षण वर्गात सुरू होत नाही, झाडाखाली बसून एकाने दुसऱ्याशी बोलण्यातून ते सुरू होते, अशी त्यांची धारणा होती. हार्वर्डच्या धर्तीवरील अध्यापनात विद्यार्थ्यांनी एखाद्या उद्योगाच्या प्रत्यक्ष पेचाचा रात्री गटाने अभ्यास करावा आणि सकाळी वर्गात वाद घालावा, अशी पद्धत होती. मग रात्रीची जागा वर्गाइतकीच महत्त्वाची ठरते. म्हणून कान यांनी वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृहे यांना एकाच गढीसारख्या संकुलात गुंफले. मठांमधील निवास आणि अध्ययन यांची सांगड त्यांच्या मनात होती.

आपल्याकडील नेहमीचे वसतिगृह म्हणजे लांबलचक मार्गिका आणि तिच्या दोन्ही अंगांना दारे. कान यांनी मार्गिकाच काढून टाकली. प्रत्येक मजल्यावर दहा-दहा खोल्यांचा गट जिना आणि चहाच्या खोलीभोवती बसवला. खोलीबाहेर पाऊल टाकले की विद्यार्थी थेट सामाईक जागेत येतो आणि शेजाऱ्याशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. जिना आणि स्वच्छतागृहे अशा बाजूला ठेवली की त्यांनी खोल्यांचे ऊन आणि चकाकी अडवावी, पण आरपार वाहणारा वारा अडवू नये. सेवक जागांचे त्यांचे जुने सूत्र येथे हवामानाच्या कामी आले. वसतिगृहे मुख्य इमारतीशी तिरकी, पंचेचाळीस अंशांत उभी आहेत, कारण नैर्ऋत्येकडून येणारा वारा त्यांना पकडायचा होता. भिंतींतील मोठी वर्तुळे आणि कमानी यांच्या आड खोल सज्जे आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा प्रखर प्रकाश प्रथम त्या सज्ज्यात थांबतो आणि मग खोलीत शिरतो.

वसतिगृहे आणि प्राध्यापकांची घरे यांच्या दरम्यान कान यांनी एक तलाव आखला होता. दोन वस्त्यांमध्ये अंतर राहावे, पण दृष्टिभेट व्हावी, हा हेतू. डासांच्या भीतीने त्यात कधी पाणी भरले गेले नाही. ढाक्यात मात्र तलाव झाला आणि तेथे लोकप्रतिनिधींची विटांची निवासस्थाने पाण्याकाठी उभी राहिली. एकाच हाताने एकाच काळात रचलेल्या या दोन भावंडांकडे पाहिले की अहमदाबादेत काय राहून गेले ते कळते.

याच काळात देशात इतरत्रही वसतिगृहांचा नवा विचार होत होता. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात पिएर जानरे यांनी, तर कानपूरच्या आयआयटीत कोकणातल्या आचऱ्याचे सुपुत्र अच्युत कानविंदे यांनी विटा आणि काँक्रीट यांतून विद्यार्थ्यांची वस्ती घडवली. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पिढीने उच्चशिक्षणावर केलेला खर्च प्रयोगशाळांपुरता मर्यादित नव्हता; विद्यार्थी कसा राहील यावरही तिने आपली उत्तम बुद्धी वेचली.

शेवटचा प्रवास

काम संथ चालले. निधी अडे, आराखडे बदलत आणि पत्रांना उत्तरे येण्यास आठवडे लागत. कान यांची चित्रे अखेरच्या क्षणापर्यंत सुधारण्याची सवय संस्थेच्या हिशेबनिसांना परवडणारी नव्हती. १९६९ च्या सुमारास अनंत राजे भारतात परतले. मुंबईचे, सर ज. जी. संस्थेतच शिकलेले आणि काही वर्षे फिलाडेल्फियात कान यांच्या कार्यालयात राबलेले राजे यांनी प्रत्यक्ष जागेवरची जबाबदारी उचलली. कान यांच्या मागे उरलेल्या इमारती पूर्ण करण्याचे आणि संकुलाशी सुसंगत नव्या इमारती जोडण्याचे श्रेय त्यांचे आहे. २००९ मध्ये ते निवर्तले. मराठी वाचकाला त्यांचे नाव अधिक परिचित असायला हवे होते.

मार्च १९७४ मध्ये कान अहमदाबादला आले आणि काम पाहून परतीच्या प्रवासाला लागले. १७ मार्च रोजी न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्थानकातील स्वच्छतागृहात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. पारपत्रावरील घरचा पत्ता त्यांनी खोडलेला होता. कुटुंबाला कळेपर्यंत जगातील एका अग्रगण्य वास्तुकाराचा देह शहराच्या शवागारात दोन दिवस पडून राहिला. त्यांच्या कार्यालयावर लाखो डॉलरचे कर्ज होते.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही प्रशासकाने ध्यानात ठेवावे. त्यांची चित्रे आणि कागदपत्रे कर्जापोटी विखुरली जाण्याचा धोका होता. पेनसिल्व्हेनिया राज्याने सार्वजनिक पैशातून ती खरेदी केली आणि कायमच्या सांभाळासाठी त्यांच्याच विद्यापीठाच्या स्वाधीन केली. ढाक्याचे काम तर युद्ध आणि नव्या राष्ट्राचा जन्म यांतून तरून १९८० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. पाकिस्तानी राजवटीने मागवलेली इमारत बांगलादेशाने आपल्या लोकशाहीची खूण मानली आणि आपल्या चलनी नोटांवर छापली. १९८९ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला.

कायद्यातील पोकळी

अहमदाबादच्या इमारतींचे दुखणे खोटे नाही. उघडी वीट पावसाचे पाणी शोषते, क्षार बाहेर येतात, पृष्ठभाग सुटतो. वीटकामात घातलेल्या लोखंडी सळ्या गंजून फुगल्या आणि त्यांनी भिंतींना भेगा पाडल्या, असे संस्थेचे म्हणणे आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाने आणखी हानी केली. ज्या संचालकाच्या छताखाली शेकडो मुले झोपतात, त्याने सुरक्षिततेचा प्रश्न प्रथम विचारला तर त्याला दोष देता येणार नाही. शासकीय सेवेत इमारत धोकादायक ठरवणाऱ्या कागदावर सही करण्याचा प्रसंग बहुतेकांवर येतो आणि सही न करण्याची जोखीम किती असते हे तेव्हाच समजते.

तरीही दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. संस्थेनेच २०१४ च्या सुमारास जतनाचे काम मुंबईच्या एका अनुभवी वास्तुसंस्थेकडे सोपवले. त्यातून विक्रम साराभाई ग्रंथालयाचे पुनरुज्जीवन झाले आणि २०१९ मध्ये त्यास युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कार मिळाला. नमुना म्हणून पंधराव्या क्रमांकाचे वसतिगृहही दुरुस्त करण्यात आले. म्हणजे या इमारती वाचवता येतात हे एकदा सिद्ध झाले आहे. उरतो प्रश्न खर्चाचा, वेळेचा आणि नव्या विद्यार्थिसंख्येच्या गरजांचा.

अशा वेळी कायद्याकडे पाहावे तर तेथे शांतता आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमानुसार संरक्षणासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. कान यांची वसतिगृहे त्या वयाला पोहोचायला अजून चार दशके आहेत. दिल्लीच्या प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स ही १९७२ ची, जगभर अभ्यासली गेलेली इमारत एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाली. तेथे साठ वर्षांचा निकष आड आला. त्याच वर्षी जुलैमध्ये अहमदाबादच्या तटबंदीतील जुने शहर जागतिक वारसा ठरले. तट ओलांडून काही किलोमीटर पश्चिमेला गेले की तोच देश आपल्या आधुनिक वारशाबाबत निरुत्तर होतो. चंदीगडच्या विधानसंकुलाला २०१६ मध्ये युनेस्कोने मान दिला खरा, परंतु त्यामागे एका आंतरराष्ट्रीय नामांकनाचा रेटा होता. आपल्या कायद्याने ते घडवले नव्हते.

उपाय अवघड नाहीत. स्वातंत्र्योत्तर काळातील महत्त्वाच्या सार्वजनिक इमारतींची यादी केंद्राने करावी आणि तिच्यासाठी वयाची अट शिथिल करावी. यादीतील इमारत पाडण्यापूर्वी संरचनेचा स्वतंत्र तपासणी अहवाल जनतेसमोर ठेवणे बंधनकारक असावे. केंद्रीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना नव्या बांधकामासाठी पैसा सहज मिळतो, जुन्याच्या देखभालीसाठी मात्र शीर्ष शोधावे लागते. ही विषमता दूर केल्याखेरीज प्रत्येक संस्थेला पाडणे हाच स्वस्त मार्ग वाटत राहील. आणि जेथे सुरक्षिततेसाठी पाडणे खरोखर अटळ ठरेल, तेथे तो निर्णय पुराव्यानिशी, दिवसाउजेडी घेतला जाईल.

कान यांनी या वसतिगृहांसाठी काढलेली चित्रे आज फिलाडेल्फियात सुरक्षित आहेत. एका अमेरिकन राज्याच्या करदात्यांनी त्यांची किंमत मोजली आहे. त्या चित्रांवरून बांधलेल्या इमारती भारताच्या ताब्यात आहेत आणि त्यांच्या चहाच्या खोल्यांतून आजही विद्यार्थ्यांचे वाद रंगतात. त्यांचे पुढे काय करायचे याचा निर्णय होण्यापूर्वी पंधराव्या वसतिगृहाच्या दुरुस्तीचा संपूर्ण हिशेब, तिला लागलेला खर्च आणि ती कितपत टिकली याचा अहवाल, देशापुढे आला पाहिजे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)